साताऱ्यात बसून अमेरिकेतल्या विद्यापीठांची दप्तरं चाळली, त्याचा अनुभव

मी साताऱ्याच्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवते. गेल्या ऑगस्टपासून माझा रोज रात्रीचा तास-दीड तास अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जातो. म्हणजे घरीच, जेवणं आटोपल्यावर, मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर. या ग्रंथालयांनी आपल्याकडचे जुने कागद, पत्रं, पत्रकं, वर्तमानपत्रं स्कॅन करून जगातल्या कुणालाही बघायला ठेवली आहेत. पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, शिफारसपत्र नाही. मी सुरुवात केली तेव्हा हे मराठीतून सांगणारं कुणी सापडलं नव्हतं. आता थोडंफार कळायला लागलंय, म्हणून लिहिते.

सगळं सुरू झालं वर्गातल्या एका प्रश्नावरून. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या भल्या लोकांना ते अर्पण केलं, एवढं मी दरवर्षीप्रमाणे सांगून पुढच्या मुद्द्याकडं वळले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचं आजोळ कटगुणचं. फुल्यांचं मूळ गाव तेच, त्यामुळं फुले त्याला घरातल्या माणसासारखे. म्हणाला, "बाई, ती भली लोकं म्हणजे कोण? त्यांची नावं काय?"

मी अब्राहम लिंकन म्हणाले.

"ते एक झाले, बाई. फुल्यांनी लोकांना म्हटलंय."

मला पुढचं नाव सांगता आलं नाही. बावीस वर्षं मी तो धडा शिकवते आहे आणि मला दुसरं नाव येत नव्हतं. ते मला फार लागलं.

आमच्या शाळेच्या कपाटात अमेरिकेवरची दोन पुस्तकं आहेत, दोन्ही स्वातंत्र्ययुद्धावरची. नगर वाचनालयातून तीन आणली, ती चांगली होती, पण त्यातही राष्ट्राध्यक्ष आणि लढायाच जास्त. मग मी इंटरनेटवर शोधायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात फसले. 'दुर्मीळ कागदपत्रं' विकणाऱ्या एका साइटनं ४९९ रुपये घेऊन गुलामगिरीविरोधी पत्रकांची एक पीडीएफ दिली. पानापानावर त्यांचा शिक्का. महिन्याभरानं तीच पत्रकं, त्याच कोपऱ्यावरच्या त्याच डागासकट, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वच्छ आणि फुकट दिसली. साइटला दोन वेळा ईमेल केला, उत्तर नाही. त्यामुळं पहिली गोष्ट ही सांगते, की अमेरिकेच्या इतिहासाचा जुना कागद कुणी विकत असेल तर आधी विद्यापीठांच्या संग्रहांत शोधा.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला कॉर्नेल विद्यापीठात मिळालं. न्यूयॉर्क राज्यातलं हे विद्यापीठ. तिथं सॅम्युअल जोसेफ मे यांच्या नावाचा गुलामगिरीविरोधी संग्रह आहे. हे मे सिरॅक्यूज गावचे धर्मोपदेशक. आयुष्यभर गुलामगिरीच्या विरोधात बोलले, लिहिले, पळून आलेल्या माणसांना मदत केली आणि ते करताना हाताला आलेलं प्रत्येक पत्रक जपून ठेवलं. १८७० साली त्यांनी ते सगळं कॉर्नेलला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी वारले. आज त्या संग्रहात १०,००० च्या वर पत्रकं आहेत. भाषणं आहेत, सभांचे अहवाल आहेत, चर्चमधली प्रवचनं आहेत, बायकांनी हातानं केलेल्या वस्तू विकून चळवळीला पैसा उभा करायच्या त्या मेळ्यांची माहिती आहे. आणि नावंच नावं. विल्यम लॉइड गॅरिसन, वेंडेल फिलिप्स, गेरिट स्मिथ, लुक्रेशिया मॉट. सभेच्या अहवालांत तर ज्यांची नावं पुढं कुठल्याच पुस्तकात आली नाहीत असे चिटणीस आणि खजिनदारही सापडतात.

माझ्या मनात सालं जुळली ती इथं. १८७० साली मे आपल्या पेट्या ग्रंथालयाच्या हवाली करतायत आणि तीनच वर्षांनी पुण्यात फुले अशाच माणसांना आपलं पुस्तक अर्पण करतायत. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसेल. मी रात्री साडेअकराला ही गोष्ट झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितली.

संग्रह वापरायला सोपा आहे. पान मोठं करून बघता येतं, शब्द टाकून शोधता येतं. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. आजचे सभ्य शब्द टाकून जुने कागद सापडत नाहीत. त्या काळी काळ्या माणसांसाठी 'निग्रो', 'कलर्ड' हेच शब्द छापले जायचे. ते टाकताना बोट अडखळतं, पण ते टाकल्याशिवाय पेटी उघडत नाही.

आता ज्या कागदासाठी मी हे सगळं लिहायला बसले, त्याच्याकडं येते.

साताऱ्यात राजवाड्यापाशी प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये 'भिवा' असं नाव आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यभर ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा होतो आणि साताऱ्यात तर तो आपल्या घरचा दिवस. आमच्या शाळेत दरवर्षी त्याच त्या चित्रांचे तक्ते लागतात. या वेळी काहीतरी अस्सल लावायचं मी ठरवलं होतं.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे कागद आहेत. डु बॉइस म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे मोठे विद्वान आणि लढवय्ये. जन्म १८६८ चा, मृत्यू १९६३ चा, म्हणजे पंचाण्णव वर्षांचं आयुष्य. आलेलं पत्र जपायचं आणि पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रतही जपायची, अशी त्यांची शिस्त. लाखाच्या घरात कागद आहेत आणि ते ऑनलाइन बघता येतात. ग्रंथालयाच्या इमारतीलाही त्यांचंच नाव आहे.

मी शोधायच्या चौकटीत 'आंबेडकर' टाकलं. दोन नोंदी आल्या.

पहिली, बाबासाहेबांनी डु बॉइस यांना लिहिलेलं पत्र, नोंदीत काळ दिलाय सुमारे जुलै १९४६. टाइप केलेलं, छोटंसं. बाबासाहेब आधी स्वतःची ओळख करून देतात. मग म्हणतात की मी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या प्रश्नाचा अभ्यासक आहे आणि तुमचं लेखन वाचत आलो आहे. भारतातल्या अस्पृश्यांची आणि तुमच्या लोकांची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आमच्यासाठी साहजिक तर आहेच, शिवाय गरजेचाही आहे. पुढं कामाचं आहे. तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केल्याचं वाचलं, आमचाही तसा विचार आहे, त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याल का?

दुसरी नोंद डु बॉइस यांच्या उत्तराची. तारीख ३१ जुलै १९४६. म्हणजे पत्र पोचल्यावर फार दिवस लावलेले नाहीत. नॅशनल निग्रो काँग्रेसनं दिलेलं निवेदन ते पाठवतात, याहून सविस्तर निवेदन दुसरी संघटना आणणार आहे हे कळवतात, तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे असं लिहितात. ते सविस्तर निवेदन पुढं १९४७ साली खरंच संयुक्त राष्ट्रांपुढं गेलं.

या पत्रांबद्दल मी आधी ऐकलं होतं. भाषणात कुणीतरी उल्लेख केला होता. पण ऐकणं वेगळं आणि कागद समोर असणं वेगळं. मी तो झूम करत गेले. टाइपरायटरच्या काही अक्षरांवर शाई जास्त बसलेली, काही फिकी. अनेक विषयांवर लिहिणारा, घटना समितीच्या धामधुमीत असलेला माणूस एका परक्या माणसाला नम्रपणे दोन-तीन प्रती मागतोय. सेहेचाळीस वर्षांपूर्वी हाच मुलगा आमच्या राजवाड्यापाशी पाटी-दप्तर घेऊन चालत जात होता. मी शिक्षिका आहे, मला तो मुलगाच दिसत राहिला.

एक तांत्रिक गोष्ट. मी घाईत फोनवरून स्क्रीनशॉट काढला आणि पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं ए-थ्री प्रिंट काढायला दिला. अक्षरं पसरली, वाचता येईनात. तो म्हणाला, "मॅडम, मूळ फाइल आणा, स्क्रीनशॉट एवढा ताणत नाही." ग्रंथालयाच्या पानावर मोठ्या आकाराची फाइल डाउनलोड करायची सोय असते, बटण जरा बाजूला असतं. ती पेनड्राइव्हवर नेली आणि प्रिंट असा आला की शेवटच्या बाकावरूनही वाचता येतो. शाळेच्या भिंतीवर लावायला परवानगी लागते का, हे मी ज्यांचे कागद घेतले त्यातल्या एका ग्रंथालयाला ईमेल करून विचारलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालांचं उत्तर आलं: जरूर लावा, खाली संग्रहाचं नाव लिहा, आणि मुलांना काय वाटलं ते आम्हाला कळवा. इतक्या आपुलकीनं मला आजवर कुठल्याही कचेरीतून उत्तर आलेलं नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेले दोन संग्रह शिक्षकांनी आवर्जून बघावेत. एकात अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळातल्या दोन काउंट्यांचे कागद आहेत, उत्तरेकडची फ्रँकलिन आणि दक्षिणेकडची ऑगस्टा. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका धरा. पत्रं, रोजनिशा, जनगणना, वर्तमानपत्रं, सगळं समोरासमोर. युद्ध एकच, पण दोन्हीकडच्या घरांत ते कसं शिरलं हे बघता येतं.

दुसऱ्यात व्हर्जिनियातल्या पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती आहेत. मालक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा: अमुक नावाचा, अमक्या वयाचा, अंगावर असे कपडे, अशी खूण, आणून देणाऱ्याला एवढं बक्षीस. सप्टेंबर १७६९ ची एक जाहिरात मी वर्गात वाचून दाखवली. पळालेल्याचं नाव सँडी, वय सुमारे ३५. ठेंगणा, जरा स्थूल. धंद्यानं चांभार, आणि काम मुख्यतः डाव्या हातानं करतो. सुतारकामही जमतं, घोड्यावर चांगला बसतो. दारू पितो, उद्धट बोलतो, अशी तक्रार. जाताना पांढरा घोडा घेऊन गेलाय आणि आपली हत्यारंही नेलीत, तेव्हा कुठंतरी चपला शिवूनच पोट भरेल असा मालकाचा अंदाज. काउंटीत सापडला तर ४० शिलिंग, दुसऱ्या वसाहतीत सापडला तर १० पौंड.

मालकाचं नाव मी शेवटी सांगितलं. थॉमस जेफरसन. सातच वर्षांनी, १७७६ साली, सगळी माणसं जन्मतः समान आहेत हे वाक्य ज्यांनी जाहीरनाम्यात लिहिलं, ते.

वर्ग गप्प झाला. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, तो सापडला का?" ती स्वतः डावखुरी आहे, माझ्या लक्षात नंतर आलं. मी सांगितलं, सापडला, आणि १७७३ साली जेफरसननं त्याला १०० पौंडांना विकला. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी पुढं काही बोलले नाही. धड्याच्या पुस्तकात जेफरसन अर्धं पान आहे, सँडी नाहीच. आणि जे थोडं सँडीबद्दल कळतं तेही त्याला शोधणाऱ्या मालकाच्या तोंडून. मालकाला तो उद्धट वाटला. मला त्या यादीत एक हुन्नरी माणूस दिसतो, ज्यानं निघताना आधी आपली आरी आणि रापी उचलली.

गुलामांचं स्वतःच्या तोंडचं ऐकायचं तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा, चॅपल हिलचा, दक्षिणेच्या इतिहासाचा संग्रह. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी लिहिलेली आत्मचरित्रं तिथं पूर्ण वाचता येतात आणि साध्या मजकुराच्या रूपात असल्यानं फोनवरही चटकन उघडतात. नेट मंद असेल तरी अडत नाही. फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ सालचं आत्मचरित्र मी तिथंच वाचलं. पहिल्याच पानावर ते सांगतात की मला माझी जन्मतारीख माहीत नाही. गुलामांना बहुधा पेरणीच्या वेळचा, कापणीच्या वेळचा जन्म एवढंच सांगता येई. माझी आजी माण तालुक्यातली. तिलाही विचारलं की म्हणायची, "प्लेग सरला, त्याच्या मागल्या सुगीचा." मी ते पान आईला वाचून दाखवलं. पुढं डग्लस लहानपणी बाल्टिमोरच्या गल्लीतल्या गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकले, ते वाचताना नायगावच्या सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत.

फुल्यांपर्यंत अमेरिका पोचली कशी, हा त्यातून निघालेला दुसरा प्रश्न. त्यासाठी मी हाथीट्रस्ट हे ऑनलाइन ग्रंथालय वापरते. नाव आपल्या हत्तीवरूनच घेतलंय, हत्ती विसरत नाही म्हणून. चिन्हही हत्तीचं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन हे उभं केलं, पावणेदोन कोटींहून जास्त खंड आहेत. बॉस्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकाचे जुने अंक तिथं मिळतात. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेची माणसं मुंबई, नगर, सातारा भागातून जी पत्रं पाठवायची, ती त्यात छापून येत. १८२७ साली मुंबईत आलेल्या आणि पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार याच मिशनच्या. त्यांची शाळा फुल्यांनी पाहिली होती. 'ज्ञानोदय' पत्रही १८४२ साली याच मिशननं नगरला सुरू केलं.

इथं शोधताना स्पेलिंगनं मला आठवडाभर रडवलं. सातारा कधी एका 'टी'नं, कधी दोन. अहमदनगरच्या शेवटी 'नग्गर'. महाबळेश्वरची तर प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. आजच्या स्पेलिंगनं शून्य निकाल आला म्हणून सोडून देऊ नका. १८०० च्या आधीचं छापील असेल तर आणखी एक गोम: त्या काळचा लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसतो आणि यंत्रही तो तसाच वाचतं.

हाथीट्रस्टवर माझी तक्रार एकच, पण मोठी आहे. बरेच खंड पूर्ण डाउनलोड करायला सभासद विद्यापीठाचं लॉगिन लागतं. आपल्याला एकेक पान उतरवावं लागतं. मी एका खंडाची साठ पानं अशी उतरवली, दोन संध्याकाळी गेल्या. ज्या शाळांत नेट धड चालत नाही त्यांना पूर्ण खंडाची खरी गरज असते, आणि त्यांनाच ते मिळत नाही. हे बदलायला हवं.

सगळ्याच विद्यापीठांबाबत एक लक्षात ठेवा. ग्रंथालयाच्या पानावर शेकडो डेटाबेसची यादी दिसते आणि माणूस हरखतो. त्यातले पुष्कळसे विकतचे, फक्त त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी असतात. क्लिक केलं की पासवर्ड मागतात. तिथं वेळ घालवू नका. 'डिजिटल कलेक्शन्स' किंवा 'स्पेशल कलेक्शन्स' असं लिहिलेलं शोधा. तिथंही काही ठिकाणी कागद न दिसता फक्त लांबलचक यादी दिसेल, तिला ते 'फायंडिंग एड' म्हणतात. आपल्या दप्तरखान्यात जसे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, असतात, तसे त्यांचे बॉक्स आणि फोल्डर. कुठल्या बॉक्समध्ये काय आहे एवढंच ती यादी सांगते. मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नसतं, ते कागद अजून स्कॅन झालेले नसतात. संशोधनलेखांसाठी जेस्टोर या साइटवर फुकट खातं काढा, महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. कॉलेजात असाल तर तुमच्या ग्रंथपालांना एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं आणि नियतकालिकं देणाऱ्या योजनेचं, विचारा. आम्हा शाळेतल्या शिक्षकांना ते नाही.

हस्तलिखितं मला अजून जमत नाहीत. ते तिरकं, गुंतलेलं इंग्रजी अक्षर मोडीपेक्षा अवघड वाटतं. शेजारी छापील उतारा दिलेला असेल तरच मी थांबते.

७ नोव्हेंबरला आमच्या वऱ्हांड्यात अकरा तक्ते लागले. बाबासाहेबांचं पत्र मधोमध, शेजारी डु बॉइस यांचं उत्तर, आणि दोन्हींखाली मुलांनी केलेला मराठी अनुवाद. शेवटचा तक्ता त्या कटगुणच्या भाच्याकडं दिला होता. त्यानं वर लिहिलं होतं, 'फुल्यांनी म्हटलेली भली लोकं', आणि खाली स्वतःच्या अक्षरात नावं: सॅम्युअल मे, गॅरिसन, फिलिप्स, लुक्रेशिया मॉट, फ्रेडरिक डग्लस. निम्मा कागद कोरा होता. मी म्हटलं, अरे, एवढी जागा का सोडलीस?

"बाई, तुम्ही अजून वाचताय ना?"

सध्या मी 'मिशनरी हेरल्ड'च्या १८६२ च्या खंडावर आहे.